घोडा का अडला?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतेय. मधे गणपती झाले, ऑफिसात ऑडिट येऊन गेलं, पुण्याच्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं (ती आता ठणठणीत आहे, विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार!). आज लिहायचंय ते जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. विषय आहे घोडे आणि पोरं.

लहानपणी सगळ्यांनाच घातलेलं ते कोडं आठवतंय ना? भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच - न फिरवल्यामुळे. गेला महिनाभर हे कोडं माझ्या डोक्यात आहे, कारण आमच्या अभ्यासिकेत सध्या एका घोड्यावरून बरीच वादावादी चाललीय. रविवारी त्याची बैठक आहे. तिथे मला बोलायला पाच मिनिटं मिळतील आणि त्यातली तीन मधेच कुणीतरी खाईल. म्हणून जे वाटतं ते आधी इथे नीट लिहून काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमचं पाम हे बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेलं गाव. एकीकडे जुनी घरं आणि वाड्या, दुसरीकडे कारखान्यांच्या चिमण्या आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. आम्ही पाच-सहा जण मिळून इथे संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. पोरं सगळीकडची - गावातली, पाड्यावरची, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची. बहुतेक पोरं येतात, गृहपाठ करतात, खाऊ खाऊन घरी जातात. त्यांची मला काळजी नाही.

काळजी आहे ती न येणाऱ्यांची. आठवी-नववीत शाळा सुटलेली, दिवसभर नाक्यावर, रुळांच्या कडेला, बंद गाळ्यांच्या ओट्यावर बसलेली. कुणाचा बाप कंत्राटी कामावर दोन-दोन पाळ्या करतो, कुणाच्या घरात बाप उरलेलाच नाही. गुटखा तर आहेच, आता रुमालावर पंक्चरचं सोल्युशन घेऊन हुंगणंही आलंय. सरकारी भाषेत यांना 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालकं' म्हणतात आणि एकदा पोलीस ठाण्याची पायरी चढली की 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. या दोन शब्दांमधलं अंतर आमच्या भागात फार थोडं आहे, एखाद्या चोरलेल्या मोबाईलइतकं.

तर यंदा एका कंपनीने आम्हाला सामाजिक निधीतून थोडे पैसे देऊ केले. कुणीतरी 'इक्वाइन असिस्टेड लर्निंग' हा शब्द वाचून आलं होतं. म्हणजे घोड्याच्या साथीने शिकणं. बिघडू घातलेल्या पोरांवर परदेशात याचा प्रयोग करतात, आपणही करू, असा प्रस्ताव आला. प्रस्ताव असा: ४० पोरं, एक बस, एका रायडिंग क्लबमधे एक दिवस, प्रत्येकाला टी-शर्ट, घोड्यावर एक फेरी, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो.

माझं म्हणणं आहे की हे करू नये. त्याच पैशात ४ पोरांना वर्षभर एका घोड्यापाशी ठेवावं, आणि तो घोडा क्लबातला नको, इथलाच हवा. का, ते सांगते.

आधी हा प्रकार काय आहे ते. घोड्याचा आणि बऱ्या होण्याचा संबंध जोडताना सगळे लिस हार्टेलचं नाव घेतात. डेन्मार्कची ही बाई. पोलिओने पाय लुळे पडले, घोड्यावर चढा-उतरायला माणसाची मदत लागायची. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधे तिने 'ड्रेसाज' या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीला जोर आला. पण हा शरीराचा उपचार झाला. मनाने अडलेल्या पोरांसाठी जे चालतं ते वेगळं आहे. अमेरिकेत १९९९ साली 'ईगाला' नावाची संस्था निघाली, तिच्या पद्धतीत तर पोरं घोड्यावर बसतच नाहीत! सगळं जमिनीवर. घोड्याजवळ जायचं, त्याला दोरी लावायची, त्याने आपल्यामागे यावं म्हणून काय करता येईल ते शोधायचं. सोबत दोन मोठी माणसं असतात, एक मनाचं जाणणारं आणि एक घोड्याचं जाणणारं.

यात घोडाच का, कुत्रा का नाही? तर कुत्रा लगेच माफ करतो. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं. फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि थेट पाठीमागची जागा दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, दिसेल असं, सावकाश जावं लागतं. तुम्ही रागात आहात की घाबरलेले, हे तो तुमच्या चालण्यावरून ओळखतो. यावर इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने २०१६ साली एक अभ्यास छापला होता. २८ घोड्यांना माणसांचे हसरे आणि रागावलेले चेहरे फोटोत दाखवले. रागावलेला चेहरा दिसला की त्यांच्या हृदयाचे ठोके जास्त लवकर वाढत. म्हणजे जन्मात न पाहिलेल्या माणसाच्या नुसत्या फोटोतला राग घोड्याला कळतो.

आता अशा जनावरापुढे आमचं नाक्यावरचं पोरगं उभं करा. त्याची सगळी दुनिया आवाज चढवण्यावर चालते. घरी बाप ओरडतो, शाळेत सर ओरडायचे, नाक्यावर जो जास्त ओरडेल तो भाई. घोड्यापुढे ओरडलं की घोडा दूर जातो. शिव्या घातल्या तरी त्याचा अपमान होत नाही आणि गयावया केली तरी दया येत नाही. अंगातला राग खरोखर खाली उतरला तरच तो जवळ उभा राहतो. पोराला उपदेश करणारं कुणी नसतं, पण दर मिनिटाला खरं उत्तर मिळत असतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमच्याकडे मधे मधे येणारा एक पोरगा आहे, पंधरा वर्षांचा. वर्गात दहा मिनिटं टिकत नाही, दोनदा मारामारी झाल्यावर इतर पोरांच्या आयांनी त्याला बंद करा म्हणून सांगितलं. हा दिवसभर लग्नाच्या घोड्या भाड्याने देणाऱ्या एका चाचांच्या तबेल्यात पडलेला असतो. मागच्या लग्नसराईत आमच्या शेजारच्या वरातीत डीजेचा आवाज अचानक वाढला आणि घोडी बिथरली. नवरदेव खोगिराला मिठी मारून बसला, वऱ्हाडी मागे पळाले. या पोराने लगाम हिसडला नाही, ओरडला नाही. घोडीच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला, मान खाली घालून मोठा श्वास सोडला, आणि तिचं तोंड स्पीकरच्या गाडीपासून फिरवून तिला चार पावलं चालवलं. घोडी शांत झाली. माझ्याशेजारी आमचे निवृत्त गुरुजी उभे होते. ते म्हणाले, "अहो, हा तोच ना, पट्टी फेकून मारणारा?" तोच!

आता मी काही लगेच 'घोडा हा सर्व रोगांवर उपाय' म्हणणार नाही. २०१४ साली काही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवर झालेले १४ अभ्यास तपासले. निष्कर्ष असा निघाला की मानसिक विकारांवर उपचार म्हणून घोड्यांचा उपयोग होतो, असं म्हणायला पुरेसा आधार नाही. आमच्या गटातल्या विरोधकांनी हे मला आधीच ऐकवलंय आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या पोराला व्यसन लागलंय त्याला डॉक्टर लागेल, जो रात्री दचकून उठतो त्याला समुपदेशक लागेल. घोडा त्यांच्या जागी उभा करू नये, पोराच्या जिवाशी तो खेळ होईल.

माझा दावा त्याहून पुष्कळ लहान आहे. घोड्यापाशी राहून पोरगं वेळ पाळायला, स्वतःला आवरायला आणि कुणाची तरी जबाबदारी घ्यायला शिकू शकतं. पण ते एका दिवसात होत नाही. एका दिवसात होते ती मजा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तर एकच दिवस आहे! ४० पोरं घोड्यावर एक फेरी मारून येतील, आनंद होईल, आणि दुसऱ्या दिवशी नाका तिथेच असेल.

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं आहे. लेझली हायनर नावाच्या बाईने १९९४ साली तिथे 'वर्क टू राइड' सुरू केलं. नावातच सगळं आलं - आधी काम, मग स्वारी. गोळीबार आणि ड्रग्ज यांनी पोखरलेल्या वस्त्यांतली गरीब घरची पोरं सरकारी उद्यानातल्या एका तबेल्यात यायची. लीद काढायची, घोडे धुवायचे, चारा घालायचा, शाळेतले मार्क नीट ठेवायचे, तेव्हा कुठे घोड्यावर बसायला मिळायचं. पुढे ही पोरं पोलो खेळू लागली. पोलो म्हणजे श्रीमंतांचा खेळ. २०११ साली या पोरांच्या संघाने अमेरिकेतली शालेय राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ती जिंकणारा तो पहिलाच संपूर्ण कृष्णवर्णीय संघ. त्यातला करीम रॉसर पुढे कॉलेजात गेला, तिथेही राष्ट्रीय विजेता झाला, आणि २०२१ साली त्याचं आत्मचरित्र आलं.

आमच्या प्रस्तावात याच संघाचा फोटो लावला होता. पण १९९४ ते २०११ ही मधली १७ वर्षं फोटोत दिसत नाहीत. रोज सकाळी तबेल्याचं दार उघडणारी एक बाई, आणि आज आला नाहीस तर का आला नाहीस असं विचारणारं कुणीतरी. माझ्या मते खरं काम त्याने केलं. घोडा हे रोज येण्याचं कारण होतं.

आणि यासाठी आपल्याला फिलाडेल्फियापर्यंत जायची गरजही नाही. बोईसरहून लोकलने डहाणू रोड, तिथून पुढे कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव आमच्या पिढीने तरी ऐकलंय. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांना दिसलं की आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं चारायला जातात. मग त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक गेले. गुरं चरताहेत, पोरं त्यांच्यावर लक्ष ठेवून शिकताहेत. पोराच्या हातातली काठी काढून घेऊन त्याला वर्गात कोंबायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

मला वाटतं 'जनावराच्या साथीने शिकणं' हे आपल्या जिल्ह्यात (तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, पालघर वेगळा झाला २०१४ साली) इतक्या साधेपणाने होऊन गेलंय की ते आपल्या लक्षातच येत नाही. तिकडचा चकचकीत शब्द आला की आपण बस ठरवायला धावतो.

आणखी एक माणूस आठवतो, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. सात वर्षांचे असताना आई गेली आणि त्यांनी बोलणं सोडलं. काही वर्षं ते धुळीत चित्रं काढूनच काय ते सांगायचे. पुढे त्यांनी वारली चित्रकला जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. प्रत्येक मुका पोरगा कलाकार होतो असं मला म्हणायचं नाही. पण दुःखाने तोंड मिटलेल्या पोराला आधी बोल, मग मदत करतो, असं म्हणण्यात अर्थ नसतो. समुपदेशनाच्या खुर्चीत बसून 'तुला काय वाटतं' याचं उत्तर आमच्या पोरांना देता येत नाही, त्यांना तो प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नसतो. हाताला काम दिलं की हळूहळू तोंड उघडतं. खरारा करता करता पोरगं घोडीच्या कानात जे सांगतं ते मला कधीच सांगणार नाही. आणि चालेल.

आता माझा प्रस्ताव. लग्नाच्या घोड्या पाळणाऱ्या चाचांचा धंदा आठ महिन्यांचा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मासात आपल्याकडे लग्नं नसतात. घोडीला मात्र हे पंचांग कळत नाही, ती रोज खाते! या दिवसांत चारा आणि चंदी परवडेना म्हणून मालक रडकुंडीला येतात. आपल्याकडच्या पैशातून त्यांच्या दोन घोड्यांचा वर्षाचा चारा, नाल आणि डॉक्टर यांचा काही वाटा उचलायचा आणि चाचांना शिक्षक म्हणून मानधन द्यायचं. हो, शिक्षक! आयुष्यभर घोडे सांभाळलेल्या माणसाला आपण 'घोडेवाला' म्हणतो आणि दोन आठवड्यांचा कोर्स केलेल्याला 'ट्रेनर', हे मला पटत नाही.

रोज सकाळी दोन तास ४ पोरं. पहिले तीन महिने कुणीही घोड्यावर बसायचं नाही. लीद काढणं, पाणी भरणं, खूर साफ करणं, खरारा, आणि चालवून आणणं. आमच्यापैकी एक जण रोज तिथे हजर, आणि तालुक्याच्या समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा.

"म्हणजे पोरांना मोतद्दार करणार का?" हा पहिला प्रश्न आला. मोतद्दार होण्यात कमीपणा काय, हे आधी मला कुणीतरी सांगावं. पण ते बाजूला ठेवू. यात अभ्यास किती आहे बघा. घोड्याचं वजन काट्यावर करता येत नाही, तर टेपने काढतात. छातीचा घेर सेंटीमीटरमधे मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर उत्तर येतं साधारण ३२३ किलो. वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडा चारा म्हणजे रोज साडेसहा किलो. नववीत वर्ग आणि टक्केवारीला कंटाळून पळालेल्या पोराला हे गणित चुकवता येणार नाही, कारण घोड्याला उलटी होत नाही. चंदी जास्त झाली, वैरण बुरसलेली निघाली तर पोटशूळ होतो आणि जिवावर बेततं. चुकलेल्या गणिताचा इतका खरा परिणाम कुठल्या वर्गात दिसतो? शिवाय वही ठेवायची - चारा किती, पैसे किती, नाल कधी मारली (ती सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी लागते), जंताचं औषध कधी दिलं. वाचन, लेखन, हिशोब, सगळं आलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे - ही बालमजुरी नाही का? असू शकते, म्हणून सीमा आधीच आखायला हवी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही आणि १८ पर्यंत धोक्याच्या कामात घालता येत नाही. आपली चारही पोरं १४ च्या वरची असावीत, वरातीला कुणालाही न्यायचं नाही, चाचांचा माणूस आजारी पडला म्हणून बदली पाठवायचं नाही. ज्या दिवशी पोरांच्या कामावर मालकाचा धंदा चालायला लागेल त्या दिवशी आपण थांबायचं. शिवाय डोक्याला हेल्मेट, पायात बंद बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि घोड्याच्या मागून जायचं नाही हा पहिला नियम.

तिसरी गोष्ट कुणी विचारली नाही, पण मीच मांडणार आहे. घोड्याचं काय? मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, त्यामागे घोड्यांचे हालच होते. केळव्याच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी उन्हात फेऱ्या मारणारी घोडी, वरातीत फटाक्यांनी थरथरणारी घोडी आपण सगळ्यांनी पाहिलीय. जखमेवर खोगीर चढवलेल्या घोड्याच्या सोबतीने पोरगं एकच धडा शिकेल, की दुबळ्याकडून मरेस्तोवर काम काढून घ्यायचं असतं. तो धडा त्याला घरीच मिळालाय. म्हणून सावली, पाणी, खूर, दात यांची तपासणी आधी, पोरं नंतर. चाचांना हे मान्य असेल तरच पुढे जायचं. मी त्यांच्याशी बोललेय. ते म्हणाले, "बेटी, डॉक्टर तुम लाओ, छप्पर मैं डालता हूँ."

आमचा दादा (नाशिकचा, तो हे वाचतोच) फोनवर म्हणाला, "४० पोरांच्या जागी ४? हिशोबात बसत नाही ग तुझं." दादा, मी दिवसभर हिशोबच करते :) पण ४० पोरांना एकेक दिवस म्हणजे ४० दिवस, आणि ४ पोरांना ३०० दिवस म्हणजे १२०० दिवस. कुठल्या रकान्यात बेरीज करायची एवढाच प्रश्न आहे. आता उरलेल्या ३६ जणांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना घोडा नकोच आहे. एकाला वायरिंग शिकायचंय, एकाला समुद्रावर मासेमारीच्या बोटीत जायचंय. त्यांच्यासाठीही असाच एकेक माणूस शोधावा लागेल. घोड्याच्या बाबतीत तो सापडलाय म्हणून तिथून सुरुवात.

शेवटचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त छळतो. मे २०२४ मधे पुण्यात भरधाव गाडीखाली दोघांचा जीव गेला. १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना घातलेल्या अटींपैकी एक होती रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. देशभर गदारोळ झाला आणि काही दिवसांत तो आदेश बदलला गेला. त्या प्रकरणाच्या न्यायनिवाड्यात मी शिरत नाही. पण मला तेव्हापासून वाटतं की चुकलेल्या पोराने काय करावं याचं उत्तर आपल्या समाजाकडे एक तर निबंध किंवा गज, एवढंच आहे. खरं तर बाल न्याय कायद्यात समुपदेशन, समाजसेवा, व्यवसायशिक्षण असे पुष्कळ मार्ग लिहिलेले आहेत. पण ते मार्ग चालायला गावात जागा लागते, माणूस लागतो. उद्या आमच्या भागातलं एखादं पोरगं मंडळासमोर उभं राहिलं आणि त्यांनी विचारलं, याला वर्षभर कुठे पाठवायचं, कोण लक्ष ठेवेल, तर दाखवायला आमच्याकडे काय असेल? एका दिवसाच्या शिबिराचं प्रमाणपत्र?

तो वरातीतला पोरगा अजून कुठल्याही मंडळासमोर गेलेला नाही. पण त्याच्या बरोबरचे दोघं मागच्या महिन्यात मोटारसायकलच्या प्रकरणात उचलले गेले. तो त्या रात्री त्यांच्यात नव्हता, कारण घोडीला ताप होता आणि चाचांनी त्याला तबेल्यातच थांबवून घेतलं होतं. हा योगायोग आहे, मला माहीत आहे. योगायोगाच्या भरवशावर एक पोरगं वाचलं, तर तसाच काहीतरी नेम बसवून आणखी तिघांना वाचवता येतं का, एवढंच मला रविवारी विचारायचंय.

वेळही थोडा आहे. तुळशीची लग्नं झाली की चाचांच्या घोड्या रोज रात्री वरातीत असतील आणि त्यांना आमच्याशी बोलायला फुरसत नसेल. तेव्हा आत्ताच ठरलं पाहिजे, नाहीतर नेहमीसारखं वरातीमागून घोडं!

तुमच्यापैकी कुणाचा घोड्यांशी, किंवा अशा पोरांशी, जवळून संबंध आला असेल तर जरूर कळवा. माझ्या विरुद्ध मत असेल तर आधी कळवा, म्हणजे बैठकीत उत्तर तयार असेल :)

असो. खूप लांबलं. रविवारी काय ठरतं ते लिहीनच.